बर्गी आले नाहीत, गुरं आली

यशस्वी माणसांनी लिहिलेल्या सल्ल्याच्या पुस्तकांची मला धास्ती वाटते. पहाटे साडेचारला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, रोज तीन ध्येयं वहीत लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. यातलं शेवटचं पाळायचं म्हटलं तर मला आधी घर सोडावं लागेल. शिवाय या पुस्तकांचे लेखक कधी पडलेले नसतात. पडलेच तर वरच्या पायरीवरून तिच्याही वरच्या पायरीवर पडतात. खालच्या पायरीवर बूट शोधत बसलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग?

सिनेमावाल्यांच्या आठवणींचं मात्र वेगळं आहे. त्यांत पानोपानी पैसे संपलेले असतात, ऊन गेलेलं असतं आणि ऐन वेळी मुख्य नट गावाला गेलेला असतो. सल्ल्याची ओळ शोधून सापडत नाही, आणि तरी पुस्तक मिटलं की आपणही काहीतरी उचापत करावी असं वाटायला लागतं. ही तफावत माझ्या नीट लक्षात आली ती कोलकात्याच्या बागबाजारात.

माझ्या भाच्याची नोकरी बँकेत आणि जीव सिनेमात. बदली कोलकात्याला झाली तेव्हा त्याने बँकेजवळचं आटोपशीर घर सोडून थेट उत्तरेला बागबाजारात जागा घेतली. का, तर "मामा, सिनेमॅटिक आहे." सिनेमॅटिक म्हणजे लाल फरशी, हिरव्या झडपांच्या खिडक्या, छताला लोखंडी तुळया आणि नळाला ठरावीक वेळी पाणी. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात मोहरीचं तेल तापलं की आपल्या घरात ठसका लागतो.

भाचा सिनेमा करणार होता. हा भविष्यकाळ आमच्या घराण्यात इतका रुळला होता की लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनाही सांगितला गेला होता. तयारी जय्यत होती. कॅमेऱ्यांची तुलना करणारा तक्ता एक्सेलमध्ये होता. पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं. प्रकाशयोजनेचा ऑनलाइन कोर्स झाला होता, ध्वनीचा चालू होता. निर्मितीसंस्थेचं नाव ठरलं होतं, बोधचिन्ह तयार होतं आणि ते पडद्यावर येताना मागे कोणतं वाद्य वाजावं यावर नवराबायकोत मतभेद होऊन मिटलेही होते. पारितोषिक स्वीकारतानाचं भाषणही कुठेतरी असावं असा माझा संशय आहे. नव्हती ती फक्त पटकथेची पहिली ओळ.

बागबाजारातल्या जुन्या घरांना रस्त्यालगत ओटा असतो. त्याला तिथे रोयाक म्हणतात. संध्याकाळ झाली की त्यावर अड्डा भरतो. आमच्या ओट्यावरचे कायम सभासद ठरलेले. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क, ज्यांना सगळे बोडोबाबू म्हणत. एक होमिओपॅथ. कचेरीच्या नाटकांतून जन्मभर पोलीस इन्स्पेक्टरचीच भूमिका केलेले एक गृहस्थ. आणि एक असे, की ते आयुष्यात काय करत होते हे कोणालाच माहीत नव्हतं, पण मोहन बागानच्या बचावफळीचं काय चुकतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. इथली चर्चा पोटातल्या आंबटपणापासून सुरू होते, फ्रेंच सिनेमापर्यंत जाते आणि शेवटी पुन्हा पोटाशी येऊन टेकते. मातीच्या भांड्यातला चहा विकत मिळतो, सल्ला त्यावर मोफत. गार वाऱ्याची झुळूक आली की चौघंही एकाच वेळी खिशातून माकडटोप्या काढतात.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना विलक्षण आनंद झाला. "म्हणजे बर्गी!" इन्स्पेक्टरसाहेब प्रेमाने ओरडले. बंगालमध्ये पोर झोपत नसलं की आई त्याला अंगाईतून बर्गीची, म्हणजे लुटायला येणाऱ्या मराठा घोडेस्वारांची, भीती घालते. म्हणजे आपले पूर्वज तिथे अडीचशेहून अधिक वर्षं पोरं झोपवण्याच्या कामावर आहेत. मराठी माणसाची त्यांना असलेली दुसरी ओळख सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांमधली. 'छिन्नमस्तार अभिशाप' या कथेत सर्कशीतला वाघ पळतो, आणि त्या सर्कशीचा रिंगमास्टर आहे करंदीकर. एकूण बंगाली मनात मराठी माणूस एक तर गाव लुटतो, नाही तर वाघ आवरतो. विम्याच्या हप्त्याची तारीख जवळ आली तरी घाबरणारा माझ्यासारखा मराठी माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

माझा सन्मान म्हणून सगळा अड्डा मला मराठा डिच लेन दाखवायला घेऊन गेला. बागबाजारातलीच ही एक गल्ली. तिथे पाहण्यासारखं असं काही नाही, पण गल्लीच्या नावामागची कथा मोठी आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. मराठ्यांचे घोडे आता कोलकात्यात येणार या भीतीने इंग्रज व्यापाऱ्यांनी नवाब अलिवर्दी खानाची परवानगी काढली आणि गावाभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. उत्तरेकडून, म्हणजे या बागबाजाराकडून सुरुवात झाली. तीनेक मैल खणून झाले आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्याला आलेच नाहीत. १७४४ साली बोलणी करायला म्हणून बोलावून नवाबाने भास्कररामांना दग्याने मारलं, १७५१ साली वर्षाला बारा लाख चौथाई कबूल करून तह केला, आणि खंदक तसाच अर्धवट राहिला. पुढे १७५६ साली कोलकात्यावर खरोखरच फौज चालून आली, ती सिराजउद्दौलाची. तिला या खंदकाने अडवलं नाही. अखेर १७९९ साली खंदक बुजवून तिथे सर्क्युलर रोड केला.

"म्हणजे बघा," बोडोबाबू म्हणाले, "ज्याच्यासाठी खणला तो आला नाही. जो आला त्याला खंदकाचं काही वाटलं नाही." हिशेब खात्यातल्या माणसाच्या आवाजात हे ऐकताना सगळा इतिहास जमाखर्चाच्या वहीत उतरल्यासारखा वाटला. एवढं बोलून त्यांनी माझ्या भाच्याकडे पाहिलं. "तुमचा कॅमेऱ्यांचा तक्ता कुठवर आला?"

दुसऱ्या दिवशी बोडोबाबूंनी एक पुस्तक आणलं. बागबाजारात १८८३ सालापासून वाचनालय आहे आणि त्याचे सभासद असणं ही तिथली प्रतिष्ठेची बाब आहे, पण हे पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं. सत्यजित राय यांचं 'एकेई बोले शूटिंग'. १९७९ सालचं. मुलांसाठी लिहिलेलं, त्यामुळे त्यात जडजंबाल काही नाही. उत्तर कोलकात्याची मंडळी दक्षिण कोलकात्यातल्या कोणाचंही कौतुक सहसा करत नाहीत, म्हणून बोडोबाबूंनी आधी खुलासा केला की माणूस नंतर दक्षिणेत राहायला गेला असला तरी जन्म उत्तरेकडचाच, गडपारचा. मग वाचन सुरू झालं. भाचा बंगाली शिकत होता. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले होते, मग याला काय धाड भरली आहे, असं मीच त्याला बजावलं होतं. त्यामुळे तो मला मराठीत सांगत होता आणि जिथे अडत होता तिथे चौघंही एकदम अर्थ सांगत होते.

रायनी केलेल्या 'पथेर पांचाली' या चित्रपटाच्या चित्रीकरणाला सुरुवात झाली २७ ऑक्टोबर १९५२ रोजी. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला, म्हणून सुटीच्या दिवशी काम. सुब्रत मित्र हे छायालेखक विशीतले आणि त्यांनी याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नाही. दृश्य आज जगभर माहीत आहे ते. अपू आणि दुर्गा ही भावंडं काशफुलांच्या पांढऱ्याशुभ्र रानातून धावत आगगाडी बघायला जातात. पालसिट गावाजवळ असं रान सापडलं, दिवसभरात निम्मं दृश्य झालं, मंडळी खूष होऊन परतली. आठवड्याने उरलेलं निम्मं घ्यायला गेली तर रान जागेवर आणि फुलं गायब. मधल्या काळात गुरांनी ती चरून टाकली होती.

ओट्यावर हशा पिकला. मी भाच्याकडे पाहिलं. त्याच्या एक्सेलच्या तक्त्यात 'संभाव्य अडचणी' असा एक रकाना होता. त्यात पाऊस होता, वीज जाणं होतं, मेमरी कार्ड खराब होणं होतं. गुरं नव्हती.

रायनी काय केलं? पुढच्या वर्षीच्या शरदाची वाट पाहिली. फुलं पुन्हा आली, राहिलेलं निम्मं दृश्य तेव्हा घेतलं. आगगाडीही एक नाही, तीन वापरल्या, कारण एका गाडीत सगळे शॉट मावेनात. पांढऱ्या फुलांमागून काळा धूर हवा, म्हणून त्यांचा एक माणूस आधीच्या स्टेशनात इंजिनावर चढायचा आणि नेमक्या वेळी बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लावायचा. पडद्यावर आपण एकाच वर्षीची फुलं आणि एकच गाडी पाहतो.

पुढे भुलो नावाच्या कुत्र्याची कथा आली. आई अपूला भात भरवते आहे, त्याचं लक्ष नाही, उरलेला भात ती टाकून देते आणि भुलो तो खातो, असं दृश्य होतं. भरवणं झालं आणि ऊन गेलं. त्याच सुमाराला पैसेही गेले. पैसे सहा महिन्यांनी परत आले, भुलो मात्र तेवढ्यात वारला होता. मग तसाच दुसरा शोधला, रंग आणि शेपटीचं टोक जुळवून. आईच्या हातचा भात एका भुलोने पाहिला आणि दुसऱ्या भुलोने खाल्ला. मिठाईवाल्या श्रीनिवासाचंही तेच झालं. मधल्या बंद पडलेल्या काळात ते काम करणारे गृहस्थ वारले. अंगलटीने तसाच दुसरा माणूस मिळाला, चेहरा काही मिळेना. म्हणून पहिले गृहस्थ समोरून बांबूच्या बनातून बाहेर येतात आणि दुसरे पाठमोरे होऊन दारातून आत जातात. कोणाला कळत नाही. मिठाईवाल्यामागे धावणाऱ्या पोरांच्या पाठोपाठ कुत्रा काही केल्या जाईना, तेव्हा दुर्गेने पाठीमागे धरलेल्या मुठीत संदेश नावाची मिठाई ठेवली. मग कुत्रा आज्ञाधारक झाला. "अभिनयाचं मानधन," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. "आम्हाला कचेरीच्या नाटकात तेवढंही मिळालं नाही."

पावसाचं दृश्य तर वसूलच करावं लागलं. पावसाळ्यात पाऊस होता तेव्हा पैसे नव्हते. ऑक्टोबरात पैसे आले तेव्हा आभाळ निरभ्र. मंडळी रोज पोरांना घेऊन बोराल गावात आभाळाकडे बघत बसायची. एक दिवस आभाळाला दया आली. पोरं भिजून कुडकुडली, तेव्हा त्यांना गरम दुधात चमचाभर ब्रँडी घालून दिली. त्याच गावात एकदा शॉट संपल्यावर आवाज ठीक आला का म्हणून रायनी विचारलं, तर ध्वनिमुद्रकाकडून उत्तर येईना. जाऊन पाहिलं तर त्याच्या खोलीत खिडकीतून भलामोठा साप उतरलेला, आणि त्याची वाचा बसलेली. साप मारायचीही सोय नव्हती. तो वास्तुसर्प, असं गावकऱ्यांनी बजावलं होतं. जागेच्या भाड्यात सापाचा समावेश असतो हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?

अडीच वर्षं हे चाललं. एवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हातारीचं काम करणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी जगल्या, याला राय चमत्कार म्हणत. ज्या गोष्टींची धडधड होती त्या नीट झाल्या. जी गोष्ट मनातही आली नव्हती ती रवंथ करत निघून गेली.

पैशाची कथा वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यात आपला माणूस आहे. रायनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, पुस्तकं आणि ध्वनिमुद्रिका विकल्या, पत्नीचे दागिने दिले. त्याच्या चाळीस वर्षं आधी दादासाहेब फाळक्यांनीही विम्याच्याच पॉलिसीवर कर्ज काढलं होतं आणि सरस्वतीबाईंचे दागिने मोडले होते. वर सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोकं पाडली ते निराळंच. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना घेतलं आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशनला लागला. फाळक्यांनी १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात या सगळ्याबद्दल लेख लिहिले. भारतीय चित्रपटाचा जनक कोण हे आपण सगळे जाणतो. जननी म्हणून मात्र विमा पॉलिसीचा कोणी सत्कार केल्याचं ऐकिवात नाही. ज्याने विमा उतरवलेला नाही त्याने कलेच्या वाटेला जाऊ नये, हा एक व्यावहारिक सल्ला या दोन चरित्रांतून बिनदिक्कत काढता येतो.

रायना शेवटी पैसे दिले पश्चिम बंगाल सरकारने. नावात 'पथ' आहे म्हणून ते रस्तासुधारणेच्या खात्यातून निघाले, असं सांगतात. बोडोबाबूंना या भागाचं विशेष प्रेम. हिशेब खात्याने जागतिक कलेला दिलेलं एवढं मोठं योगदान दुसरं नाही असं त्यांचं मत आहे.

आता वाचकाला वाटेल की राय थोर होते, म्हणून गुरांनी फुलं खाल्ली तरी निभावलं. भाच्यालाही तेच वाटलं. तेव्हा अड्ड्याने बागबाजारातलाच माणूस काढला. गिरीशचंद्र घोष. बंगाली रंगभूमीचा हा महापुरुष इथला. त्यांच्या घराशी रस्ता आला, पण घर पाडलं नाही. आजही गिरीश अव्हेन्यू त्या घरापाशी दुभंगतो, वाहनं दोन्ही बाजूंनी जातात आणि मध्ये गिरीशबाबूंचं घर उभं. दिवसा इंग्रज कंपनीत हिशेबनीस आणि रात्री नाटकवाला, अशी या माणसाची अनेक वर्षं गेली. बोडोबाबूंच्या जिव्हाळ्याचं कारण इथेही तेच.

१८६८ च्या दुर्गापूजेत बागबाजारच्या हौशी पोरांनी नाटक करायचं ठरवलं. नाटक कोणतं? पौराणिक करायचं तर मुकुट, भरजरी अंगरखे आणि राजवाडा लागतो, आणि पोरांच्या खिशात काही नाही. म्हणून दीनबंधू मित्रांचं 'सधवार एकादशी' घेतलं. सामाजिक नाटक, अंगावरच्या कपड्यांत उभं राहता येतं. त्यात गिरीशबाबू होते. याच मंडळींनी पुढे ७ डिसेंबर १८७२ रोजी चितपूरला एका वाड्याचं अंगण भाड्याने घेऊन तिकीट लावून 'नीलदर्पण' केलं आणि नाव दिलं नॅशनल थिएटर. बंगाली सार्वजनिक रंगभूमी त्या रात्री जन्माला आली. आणि त्या रात्री गिरीशचंद्र घोष तिथे नव्हते! एवढ्याशा सामग्रीवर राष्ट्राचं नाव लावायचं आणि वर तिकीट घ्यायचं हे त्यांना पटलं नाही, म्हणून ते आधीच बाहेर पडले होते. आधी सगळं ऐटीत हवं, मग पडदा उघडू, असं ज्याला वाटलं तो थोर होता आणि मागे राहिला. ज्यांना तसं वाटलं नाही ते त्याच्याहून लहान होते आणि इतिहासात त्यांची रात्र नोंदली गेली. गिरीशबाबू नंतर परत आले, ऐंशीच्या आसपास नाटकं लिहिली, रंगभूमी गाजवली. पण पहिली रात्र त्यांची नाही.

"तुमचं बोधचिन्ह दाखवा बरं पुन्हा," बोडोबाबू भाच्याला म्हणाले. भाच्याने मोबाइल खिशात घातला.

त्याच १८६८ साली, याच बागबाजारात, नवीनचंद्र दास नावाच्या मिठाईवाल्याने रसगुल्ला साधला असं बंगाली माणूस सांगतो. ओडिशातल्या मंडळींना हे मान्य नाही, आणि भौगोलिक मानांकन दोघांनाही मिळालेलं आहे, बंगालला २०१७ साली आणि ओडिशाला २०१९ साली. आपण दोघांकडचे खावेत. सांगायचं ते इतकंच की छेन्याचे गोळे पाकात टाकले की फुटायचे, आणि दास यांनी ते पुन्हा पुन्हा फोडले, अशी कथा आहे. एक मोहल्ला, एक वर्ष. इकडे पोरं कपड्यांच्या खर्चाशिवायचं नाटक बसवताहेत, तिकडे कढईत गोळे फुटताहेत. रसगुल्ला करण्याचं उपकरण आल्यावर बघू, असं दोन्हीकडे कोणी म्हणालं नाही.

आणि फुटलेल्याचं काय करायचं, हे मृणाल सेन यांनी दाखवलं. 'पथेर पांचाली' कोलकात्यात लागला २६ ऑगस्ट १९५५ रोजी. त्याच साली त्याच शहरात सेन यांचा पहिला चित्रपट 'रात भोर' आला. त्यात उत्तमकुमार होते. चित्रपट सपशेल पडला आणि खुद्द सेननी पुढे त्याचं नावही प्रेमाने घेतलं नाही. एकाच वर्षी शेजारी असा आणि आपण असे, ही परिस्थिती मराठी माणसाला गळफास वाटली असती. सेननी दुसरा चित्रपट केला, तिसरा केला, १९६९ साली 'भुवन शोम' केला आणि हिंदी समांतर सिनेमाची वाट मोकळी झाली. त्यात निवेदकाचा आवाज अमिताभ बच्चन नावाच्या एका होतकरू तरुणाचा होता. 'रात भोर' पाहून सेनना बँकेत नोकरी धरण्याचा सल्ला ज्यांनी दिला असेल, त्यांच्या आत्मचरित्राला प्रकाशक मिळाला नाही.

पुस्तक संपलं आणि पुढच्या रविवारी भाच्याने शूटिंग केलं. कॅमेरा म्हणजे हातातला मोबाइल. कथा एवढीच, की एक म्हातारा रोज बागबाजार घाटावर येतो, होडीची वाट बघतो आणि होडी आली की न बसता घरी जातो. म्हातारा म्हणून इन्स्पेक्टरसाहेब. त्यांनी अट घातली नाही, पण सवय कुठे जाते? नदीकडे बघायला सांगितलं की ते पंचनामा केल्यासारखे बघायचे. घाट आणि रस्ता यांच्यामधून सर्क्युलर रेल्वे जाते, आणि दरवेळी म्हातारा तोंड उघडायला आणि गाडी यायला एकच गाठ पडायची. बघ्यांपैकी प्रत्येकजण दिग्दर्शक होता, आणि होडीवाल्याने तर पटकथेतल्या मूळ दोषावरच बोट ठेवलं. बसायचं नसेल तर हा इसम येतो कशाला? म्हाताऱ्याच्या हातातली झेंडूची माळ एका बकरीने खाल्ली. त्या क्षणी भाच्याचा चेहरा उजळला. त्याला पालसिट आठवलं असणार. आपणही आता परंपरेत बसलो, असा भाव होता.

पुढच्या रविवारी इन्स्पेक्टरसाहेब मिशी काढून आले. नातीला टोचते म्हणून. भाच्याने कपाळावर हात मारला नाही. "पाठमोरे उभे राहा," म्हणाला. उरलेली फिल्म पाठमोरी झाली. संवाद गाडीत बुडाले होते, म्हणून ते काढूनच टाकले. सहा मिनिटांची फिल्म ओट्यासमोर चादर बांधून दाखवली. होमिओपॅथ म्हणाले, गती मंद आहे. मोहन बागानवाले म्हणाले, बचाव ढिसाळ आहे. बोडोबाबूंनी एकूण खर्च विचारला, चहाचे पैसे धरायचे राहिले आहेत हे दाखवून दिलं, आणि त्यांच्या मते पाठ फार बोलकी होती. भाचेसून म्हणाली की लग्नाच्या वेळी सांगितलेलं एक तरी खरं निघालं. एक्सेलचा तक्ता अजून आहे. 'संभाव्य अडचणी'च्या रकान्यात शेवटची नोंद 'मिशी' अशी आहे.

फिल्म थोर नाही. पण ती आहे, आणि पुढची सुरू झाली आहे. सल्ल्याच्या पुस्तकांनी त्याला इतकी वर्षं तयार केलं होतं, फजितीच्या पुस्तकाने कामाला लावलं. याचं कारण साधं आहे. 'हिंमत धरा' असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपल्याकडे ती नाही हे आठवतं. 'फुलं गुरांनी खाल्ली, मग वर्षभर थांबलो' असं सांगितलं की त्याला वाटतं, थांबता तर मलाही येतं. थोर माणूस आपल्या पातळीवर येऊन चिखलात घसरतो आणि उठून कपडे झटकत ते हसत सांगतो, तेव्हाच त्याचा हात धरावासा वाटतो.

म्हणून विनंती अशी. ज्यांनी ज्यांनी काही उभं केलं आहे, मग तो सिनेमा असो, एकांकिका असो, गणेशोत्सवातलं नाटक असो किंवा तोट्यातला दिवाळी अंक असो, त्यांनी कृपा करून 'यशाची दहा सूत्रं' लिहू नयेत. काय फसलं ते लिहावं, नावगावासकट आणि हिशेबासकट, आणि ज्याच्यामुळे फसलं त्याच्यावर न चिडता. प्रकाशयोजनाकारांनी लिहावं, रंगभूषाकारांनी लिहावं, पडदा ओढणाऱ्यांनी तर आवर्जून लिहावं, कारण ऐन वेळी न पडलेला पडदा त्यांनीच पाहिलेला असतो. आणि ज्यांच्याकडे लिहिण्यासारखी फजिती अजून नाही त्यांनी या रविवारी बाहेर पडून ती कमवावी. तिला भांडवल लागत नाही, आणि ती पहिल्याच दिवशी मिळते.